स्टेडियम ओस पडली म्हणून पॅक-१२ मोडली?

"ज्यांच्यामागे चाहते होते ते वर गेले, ज्यांच्यामागे नव्हते ते मागे राहिले." अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची पॅक-१२ कॉन्फरन्स फुटली तेव्हापासून हे वाक्य इतकं फिरलंय की आता त्याचा पुरावाही कुणी मागत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींच्या गटांतही ते येऊन गेलं. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट या दोन विद्यापीठांचे सामने बघायला कुणी जात नव्हतं, म्हणून त्यांना कुणी घेतलं नाही, असा त्याचा रोख. ही गोष्ट खोटी आहे. शिवाय पिढ्यान् पिढ्या आपल्या संघामागे उभ्या राहिलेल्या माणसांवर ती अन्याय करते, म्हणून सविस्तर उत्तर देणं भाग आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा गट. गटातले संघ एकमेकांशी खेळतात आणि टीव्हीचे हक्क एकत्र विकतात. कुणाला गटात घ्यायचं हे मैदानावर ठरत नाही, विद्यापीठांचे अध्यक्ष मतदानाने ठरवतात. पॅक-१२ ची मुळं १९१५ पर्यंत जातात. ३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जात असल्याचं जाहीर केलं. जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडो बिग १२ या आणखी एका कॉन्फरन्सकडे गेलं. ४ ऑगस्टला एकाच दिवशी ओरेगन आणि वॉशिंग्टन (ही ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेटहून वेगळी विद्यापीठं) बिग टेनमध्ये, तर अॅरिझोना, अॅरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ मध्ये गेले. १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया-बर्कली यांनी अटलांटिक किनाऱ्यावरची एसीसी ही कॉन्फरन्स गाठली. बारापैकी दोन उरले.

पहिला मुद्दा प्रेक्षकसंख्येचा. ओरेगन स्टेटचे २०२२ चे आकडे दाखवून "बघा, किती कमी लोक" असं म्हटलं जातं. त्या वर्षी त्यांच्या कॉर्व्हॅलिस गावातलं रीसर स्टेडियम अर्धं जमीनदोस्त होतं. जानेवारी २०२२ मध्ये त्याची पश्चिमेकडची बाजू सुरुंग लावून पाडली, आणि पूर्ण हंगाम उरलेल्या आसनांवर निघाला. एक घरचा सामना तर पोर्टलँडला, सॉकरच्या मैदानावर खेळवावा लागला. ज्या खुर्च्याच नव्हत्या त्यांवर माणसं कशी बसणार? त्याच हंगामात या संघाने दहा सामने जिंकले आणि शेवटी लास वेगासमध्ये फ्लोरिडाला ३०-३ असं हरवलं. २०२३ मध्ये नवी बाजू उभी राहिली तेव्हा खर्च १६ कोटी डॉलरच्या आसपास गेला होता, आणि त्यातला मोठा वाटा देणग्यांचा होता. चाहते नसलेल्या संघासाठी कुणी एवढे पैसे देत नाही.

वॉशिंग्टन स्टेटचं गाव पुलमन. वस्ती सुमारे ३३ हजार, त्यातही विद्यार्थी बरेच. तिथल्या स्टेडियमची आसनंही साधारण तेवढीच. सिअॅटलहून तिथे यायचं तर कॅस्केड डोंगररांग ओलांडून साडेचारशे किलोमीटरहून जास्त गाडी चालवावी लागते, आणि माणसं येतात. याच विद्यापीठाचा झेंडा, ज्याला ते 'ओल क्रिमसन' म्हणतात, ऑक्टोबर २००३ पासून ईएसपीएन या क्रीडावाहिनीच्या 'कॉलेज गेमडे' या कार्यक्रमात दर आठवड्याला फडकतो. कार्यक्रम कुठल्याही शहरात असो, सामना कुणाचाही असो, माजी विद्यार्थी तो स्वतः तिथे पोचवतात. तो कार्यक्रम पुलमनला पहिल्यांदा आला २०१८ मध्ये. म्हणजे जिथे आपला संघ खेळतही नाही तिथे पंधरा वर्षं झेंडा नेत राहिलेले हे लोक, आणि त्यांनाच आता "चाहते नाहीत" असं सुनावलं जातं. मला हे फार लागतं.

जाहीर होणाऱ्या आकड्यांबद्दलही सावध राहायला हवं. जाहीर प्रेक्षकसंख्येत विकलेली आणि वाटलेली तिकिटंही धरली जातात. 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने २०१८ मध्ये दारावर प्रत्यक्ष स्कॅन झालेल्या तिकिटांची नोंद मागवली, तेव्हा ती जाहीर आकड्याच्या सरासरी ७१ टक्केच भरली. त्यामुळे दोन विद्यापीठांचे जाहीर आकडे शेजारी ठेवून कुणाचे चाहते निष्ठावान हे सांगताच येत नाही.

आता निवड झालेल्यांकडे पाहू. यूसीएलएला बिग टेनने घेतल्याचं जाहीर झालं आणि दोनच महिन्यांनी, ३ सप्टेंबर २०२२ ला, रोझ बोलमध्ये त्यांचा पहिला सामना झाला. स्टेडियम सुमारे ९० हजारांचं, आले २७,१४३. १९८२ मध्ये हा संघ तिथे खेळायला लागला तेव्हापासूनची ही सर्वांत कमी उपस्थिती. कडक ऊन होतं, यूसीएलएचं सत्र तोवर सुरू झालं नव्हतं आणि स्टेडियम विद्यापीठापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे, हे सगळं मान्य. पण तशी सवलत कॉर्व्हॅलिसला कुणी दिली नाही. स्टॅनफर्डचं पन्नास हजारांचं स्टेडियम कित्येक वर्षं अर्धं रिकामं दिसतं, तरी त्यांना एसीसीत जागा मिळाली, सुरुवातीची सात वर्षं टीव्हीच्या पैशातला फक्त ३० टक्के वाटा घेण्याच्या अटीवर. त्यांच्याबरोबर डॅलसचं एसएमयू हे विद्यापीठ आत आलं ते नऊ वर्षं टीव्हीचा वाटा सोडून. ती तूट देणगीदारांनी भरायची होती, आणि आठवडाभरात त्यांनी १० कोटी डॉलर जमवलेही. यात स्टेडियममधल्या गर्दीचा संबंध कुठे आला?

ओरेगन, वॉशिंग्टन आणि युटाची मैदानं खरोखर भरतात, हे मी नाकारत नाही. नेब्रास्काची तर १९६२ पासूनची सगळी घरची तिकिटं विकली गेली आहेत आणि २०११ मध्ये बिग टेनने त्यांना घेतलं. गर्दीचा उपयोग होतो. पण गर्दीवर निवड होत असती तर २०१४ मध्ये न्यू जर्सीचं रटगर्स विद्यापीठ बिग टेनमध्ये आलंच नसतं. ते आलं कारण न्यू जर्सी न्यूयॉर्कला लागून आहे आणि त्या भागातल्या लाखो केबल घरांकडून बिग टेनच्या वाहिनीसाठी महिन्याला पैसे घेता येणार होते.

खरं कारण इथे आहे. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉलच्या टीव्ही हक्कांवरची एनसीएए या कॉलेज खेळांच्या देशव्यापी संस्थेची मक्तेदारी मोडली, आणि तेव्हापासून कॉन्फरन्स आपापले हक्क विकतात. २०२२ मध्ये बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचे, ७०० कोटी डॉलरहून मोठे करार केले. पॅक-१२ कडे पुढच्या वर्षी हातात होता तो मुख्यतः अॅपल कंपनीचा, सामने इंटरनेटवरून दाखवण्याचा प्रस्ताव. त्यात खात्रीचा पैसा कमी आणि वर्गणीदार वाढले तर जास्त, अशी रचना. त्या जोखमीपेक्षा बिग टेनचा साधारण अर्धा वाटा ओरेगन आणि वॉशिंग्टनला बरा वाटला. तिथेच गट कोसळला. त्या टेबलावर पुलमनचा कुणी चाहता बसलेला नव्हता.

"पण टीव्हीवरही त्यांना कुणी बघत नाही ना?" हा पुढचा प्रश्न. पॅक-१२ ने २०१२ मध्ये स्वतःची वाहिनी काढली, आणि डायरेक्टीव्हीसारख्या मोठ्या सेवेवर ती कधीच आली नाही. देशातली कितीतरी घरं ती लावूच शकत नव्हती. बाकीच्यांपैकी बरेच सामने पश्चिमेच्या घड्याळाप्रमाणे रात्री साडेसातला, म्हणजे न्यूयॉर्कच्या साडेदहाला सुरू व्हायचे. ते संपेपर्यंत पूर्वेकडचा प्रेक्षक झोपलेला, आणि पुलमनचा प्रेक्षक थंडीत मध्यरात्री घरी निघालेला. वेळा वाहिन्यांनी ठरवल्या, त्यांचा हिशेब मात्र चाहत्यांच्या नावावर मांडला.

"मोठ्यांच्या जिवावर छोटे जगत होते" हा आरोपही ऐकू येतो. मोठ्यांना मोठं करणारे सामने कुणाशी झाले ते आठवा. २००८ मध्ये पहिल्या क्रमांकावरच्या यूएससीला कॉर्व्हॅलिसमध्ये ओरेगन स्टेटने २७-२१ असं हरवलं. २०१७ मध्ये पाचव्या क्रमांकावरच्या यूएससीला पुलमनमध्ये वॉशिंग्टन स्टेटने ३०-२७ असं हरवलं आणि अख्खं गाव मैदानात उतरलं. अशी धास्ती असते म्हणून लोक कॉन्फरन्सचे सामने बघतात.

चाहत्यांचा यात फायदा झाला, असंही सांगितलं जातं. कुठल्या चाहत्यांचा? यूसीएलएचा संघ गटातल्या सामन्यासाठी आता न्यू जर्सीला जातो, जवळजवळ चार हजार किलोमीटर. फुटबॉलचा संघ खास विमानाने जाऊन येतो, पण सॉफ्टबॉल आणि व्हॉलीबॉलच्या मुलींना वर्ग बुडवून हेच अंतर कापावं लागतं. घरच्यांना गाडीने जाऊन मुलांचा सामना पाहता यायचा, ते गेलं.

२३ सप्टेंबर २०२३ ला हे उरलेले दोघे पुलमनमध्ये भिडले. दोघेही देशाच्या पहिल्या पंचवीसात होते, स्टेडियम भरलेलं होतं, आणि वॉशिंग्टन स्टेटने ३८-३५ असा सामना जिंकला. त्याच दिवशी सकाळी 'कॉलेज गेमडे'मधले समालोचक ली कोर्सो यांनी, कुणालाच नको असलेल्यांचा सामना, अशा अर्थाने त्याची संभावना केली होती. वॉशिंग्टन स्टेटचे तेव्हाचे प्रशिक्षक जेक डिकर्ट त्यावर उघडपणे चिडले, आणि मला त्यांचं चिडणं योग्य वाटतं.

राहिला "आता ते दोघे संपले" हा मुद्दा. नोव्हेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिटमन काउंटीच्या न्यायालयाने पॅक-१२ च्या मंडळाचा ताबा याच दोघांना दिला, आणि डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. पुढच्या वर्षी सिअॅटलला झालेल्या अॅपल कपमध्ये, म्हणजे राज्यातल्या या दोन विद्यापीठांच्या परंपरेच्या लढतीत, वॉशिंग्टन स्टेटने बिग टेनवासी वॉशिंग्टनला २४-१९ असं हरवलं. बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, युटा स्टेट आणि टेक्सस स्टेट यांना घेऊन नव्याने बांधलेल्या पॅक-१२ साठी तारीख ठरली ती १ जुलै २०२६, आणि तिच्या फुटबॉलची घडी ज्यांच्याभोवती बसवली ते कॉर्व्हॅलिस आणि पुलमनचेच संघ आहेत.