कॉर्टिसोलचा रिपोर्ट आणि डिप्रेशनचा निकाल

व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज तुम्हालाही आला असेल: 'डिप्रेशन म्हणजे कॉर्टिसोल वाढणं, बाकी काही नाही. सकाळी रक्त तपासा. नॉर्मल आलं तर सगळे मनाचे खेळ. जास्त आलं तर अश्वगंधा सुरू, डॉक्टरच्या गोळ्या बंद.'

कॉर्टिसोल म्हणजे ताणाच्या वेळी शरीरात वाढणारं हार्मोन. मेसेजमधलं पहिलं वाक्य अगदीच हवेतलं नाही. कुशिंगच्या आजारात कॉर्टिसोल बेसुमार वाढतं आणि निम्म्याहून जास्त रुग्णांना नैराश्य गाठतं. पण उलटा हिशेब जुळत नाही. नैराश्य असलेल्या कितीतरी जणांचं कॉर्टिसोल चारचौघांसारखंच असतं. झोप आणि भूक वाढणाऱ्या प्रकारात तर कधी कधी कमीच.

आता रक्ततपासणी. कॉर्टिसोल सकाळी चढलेलंच असतं, मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. रात्रपाळी, गर्भनिरोधक गोळ्या, अगदी सुईची धास्तीसुद्धा आकडा हलवते. याहून खूप काटेकोर चाचणी मानसोपचारतज्ज्ञ बर्नार्ड कॅरल आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्येच मांडली होती. रात्री डेक्सामेथासोन, म्हणजे एरवी कॉर्टिसोल दाबणारं स्टेरॉइड, द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी कॉर्टिसोल दबलं का ते पाहायचं. तीव्र, मेलँकोलिक (कशातच आनंद न वाटणाऱ्या) नैराश्यात ते बरेचदा दबत नाही. मानसोपचाराला अखेर 'रिपोर्ट' मिळाला, असं तेव्हा अनेकांना वाटलं. पण स्मृतिभ्रंशात, दारू सुटताना, वजन झपाट्यानं घटलं तरीही निकाल तसाच यायला लागला, आणि खरोखर नैराश्य असलेल्या अनेकांचा नॉर्मल. निदानासाठी ती चाचणी मागे पडली. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला की घरच्यांनी 'नाटकं करतोस' म्हणायचं, याला काडीचा आधार नाही.

कॉर्टिसोल आवरलं की नैराश्य जातं, हेही तपासून झालंय. मिफेप्रिस्टोन हे औषध कॉर्टिसोलचा पेशींवरचा परिणाम अडवतं. भ्रमांसह येणाऱ्या नैराश्यावर त्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या, पण नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा ते ठामपणे सरस ठरलं नाही. अमेरिकेत २०१२ साली त्याला मान्यता मिळाली ती कुशिंगमधल्या वाढलेल्या साखरेसाठी.

अश्वगंधेनं काही छोट्या अभ्यासांत कॉर्टिसोल थोडं उतरलं, हे खरं. तेवढ्यावरून ती नैराश्याचं औषध ठरत नाही. यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. मेसेजमध्ये अर्थातच त्या नाहीत.

आणि डॉक्टरांनी दिलेल्या नैराश्यावरच्या गोळ्या एकदम तोडल्या तर चक्कर, मळमळ, झोप उडणं, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं असे त्रास होऊ शकतात. बंद करायच्याच असतील तर डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात, कधी आठवडे, कधी महिने.