ॲलन्सवर्थ बुडालं नाही, तहानेने उठलं

अमेरिकन दिग्दर्शक जेम्स बेनिंग यांच्या 'ॲलन्सवर्थ' (२०२२) या चित्रपटावर एक शेरा बराच फिरतोय : ‘रिकाम्या घरांसमोर कॅमेरा उभा केलाय, त्यात इतिहास कुठाय? घरंही नवी बांधलेली. आणि कृष्णवर्णीयांचं ते गाव त्यांना चालवता आलं नाही म्हणून बुडालं.’

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो निव्वळ अन्याय आहे. कर्नल ॲलन ॲलन्सवर्थ गुलामीत जन्मले, अमेरिकन सैन्यातून लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले आणि १९०८ मध्ये काही सहकाऱ्यांसह त्यांनी कॅलिफोर्नियात हे गाव वसवलं. गावाने शाळा काढली, ग्रंथालय उभारलं, आपला न्यायाधीश निवडून दिला. जमीन विकणाऱ्या कंपनीने मात्र भरपूर पाण्याचा दिलेला शब्द पाळला नाही. १९१४ मध्ये रेल्वेने थांबा शेजारच्या गावी हलवला. त्याच वर्षी मोटारसायकलच्या धडकेने कर्नल गेले. पुढे १९६६ मध्ये उरल्यासुरल्या पाण्यातही आर्सेनिक सापडलं. शेताला पाणी नाही, मालाला गाडी नाही; मग माणसं पोटामागे निघून जाणार नाहीत तर काय? मराठवाड्यात असं उठलेलं गाव पाहिलेला माणूस गावकऱ्यांची लायकी काढणार नाही.

घरं नवी आहेत, हे खरं. १९७४ नंतर तिथे राज्याचं ऐतिहासिक उद्यान झालं आणि बरीच घरं पुन्हा बांधली गेली. पण चित्रपटात एकाच घराकडे पाच मिनिटं पाहत राहिलं की त्याचा कोरेपणाच डोळ्यांत खुपायला लागतो. इथे कुणी राहत नाही, हे तो कोरेपणा सांगतो.

राहिला ‘इतिहास कुठाय’ हा प्रश्न. चित्रपटात वर्षाच्या १२ महिन्यांची १२ दृश्यं आहेत. त्यातल्या एकात शाळेच्या वर्गात एक मुलगी कृष्णवर्णीय कवयित्री ल्युसिल क्लिफ्टन यांच्या कविता वाचते. तिच्या अंगावरचा पोशाख नीट पाहा. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या लिटल रॉक शहरात, तोवर फक्त गोऱ्यांच्या असलेल्या शाळेत निघालेली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी एलिझाबेथ एकफर्ड, मागे ओरडणारा गोऱ्यांचा जमाव, तो फोटो आठवतोय? तिने घातला होता, तसाच हा पोशाख आहे. कृष्णवर्णीयांनी स्वतः काढलेल्या शाळेत ती मुलगी निवांत वाचतेय, मागे कुणी ओरडत नाही. मला तर तिथे गलबलून आलं.

उद्यानाच्या शेजारी ॲलन्सवर्थ नावाची वस्ती आजही आहे. तिथे आता बहुतेक लॅटिनो कुटुंबं राहतात, आणि त्यांच्या विहिरींच्या पाण्यातही आर्सेनिकच आहे.