फँटसीवर मत देताय? मग नियम कुठे मोडला ते सांगा

सोलापुरातल्या वाचकांच्या ग्रुपवर फँटसी कादंबऱ्यांबद्दल फिरून फिरून चारच मतं येतात. "जबरदस्त." "लेखकाच्या कल्पनाशक्तीला सलाम." "डोक्यावरून गेलं." आणि ज्यांनी वाचलेलं नसतं त्यांचं, "पोरकट." या चारांपैकी एकाच्याही भरवशावर कुणी सात-आठशे पानांचं पुस्तक मागवावं, असं काही त्यात नसतं. कल्पनाशक्तीचं कौतुक तर सोडूनच द्या. फँटसी लिहायला बसलेल्या प्रत्येकाकडे ड्रॅगन असतो, तलवार असते, नकाशा असतो. त्या कल्पनाशक्तीला लेखकाने वेसण कुठे घातली आणि शेवटपर्यंत ती पाळली का, हे मतातून कळलं पाहिजे.

जादू असलेल्या गोष्टीत वाचकाच्या मनात एक प्रश्न कायम जागा असतो: एवढं सगळं येतं, तर मग हा संकटात पडतोच कसा? चांगला लेखक याचं उत्तर आधी देऊन ठेवतो. ब्रँडन सँडरसनची 'मिस्टबॉर्न' (२००६) घ्या. त्यातले लोक धातूचे कण द्रवात मिसळून पितात आणि पोटात ते 'जाळतात'. पोलाद जाळलं की आसपासचा धातू दूर ढकलता येतो, लोखंड जाळलं की ओढता येतो. कथील जाळलं की कान-डोळे तीक्ष्ण होतात, पण मग मोठा आवाज आणि झगझगीत उजेडही तितकाच सोसत नाही. पोटातला साठा संपला की खेळ खलास.

आता यातली खरी मेख बघा. ढकललेली वस्तू तुमच्यापेक्षा हलकी असेल तर ती उडते, जड असेल तर तुम्ही उडता. म्हणून नायिका नाणं खाली टाकते आणि त्याला ढकलते. नाणं जमिनीला टेकतं, त्याला आणखी खाली जायला जागा नसते, आणि ती स्वतः वर फेकली जाते. छपरांवरून उड्या मारायची सगळी करामत या एका हिशेबावर उभी आहे. वाचकाला हिशेब माहीत असतो, त्यामुळे मारामारीत तोही डोकं चालवतो: इथे धातू कुठे आहे, भिंतीत खिळे आहेत का, समोरच्याच्या कमरेला काय आहे. असं तीन ओळींत सांगितलंत, तर पुस्तक आपल्याला झेपेल का, आवडेल का, हे समोरच्याला तिथल्या तिथे कळतं.

आणि याच पुस्तकावर माझा आक्षेपही आहे. पहिल्या भागाच्या शेवटी एक गोष्ट अशी घडते की तिचा हिशेब त्या भागात लागत नाही. तो तिसऱ्या भागात, म्हणजे २००८ मध्ये आलेल्या पुस्तकात लागतो. ज्याला एकच भाग वाचायचा आहे त्याला हे उधारीवर मिटवलेलं भांडण वाटणार, आणि त्याचं चूक म्हणता येणार नाही. गंमत अशी की खुद्द सँडरसनच सांगत आलाय की जादूने पेच सोडवायचा असेल, तर ती जादू वाचकाला आधी तितकी समजलेली असली पाहिजे. मत देताना "शेवट पटला नाही" एवढ्यावर थांबू नका. शेवटी वापरलेली ताकद आधी कुठे दाखवली होती का, हे मागे जाऊन शोधा. सापडली तर शेवट कमावलेला आहे, तुमच्या नजरेतून सुटलं. नाही सापडली तर बिनधास्त लिहा.

सगळीकडे असा हिशेब मागायचा नसतो. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये (१९५४-५५) गँडाल्फ या जादूगाराला नक्की काय काय येतं याची यादी टॉल्कीनने कुठे दिलेली नाही. तरी पुस्तक लटपटत नाही, कारण मुख्य पेच गँडाल्फच्या जादूने सुटतच नाही, आणि त्याने जादू वापरली की तिची किंमत पडते. काराध्रासच्या डोंगरावर बर्फात सगळे गारठून मरायची वेळ येते तेव्हा तो काठीने ओली लाकडं पेटवतो आणि लगेच बजावतो, आता मी इथे आहे हे ज्याला ज्याला वाचता येतं त्या सगळ्यांना कळलं. एक शेकोटी, पण ती पेटवायला त्याला लपणं सोडावं लागतं. अशा पुस्तकावर लिहिताना "जादूचे नियम स्पष्ट नाहीत" ही तक्रार गैरलागू. किंमत दिसते का, ते बघा. (आणि अंगठी नष्ट करायला गरुडांवर बसून सरळ शत्रूच्या मोर्डोर मुलखात का गेले नाहीत, हा प्रश्न आता पुरे. आभाळातही पहारा आहे, शत्रूचे हस्तक नाझ्गूल उडतात.)

किंमतीचा सर्वांत नेमका विचार मला उर्सुला ल ग्विनच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मध्ये (१९६८) दिसतो. रोक बेटावरच्या जादूशाळेत शिकवतात की एका बेटावर पाऊस पाडलात तर दुसऱ्या बेटावर दुष्काळ पडू शकतो, तेव्हा गरज असल्याशिवाय हात लावू नका. हे सोलापूरकराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. उजनीचं पाणी वर अडलं की खाली काय होतं, यावर आपल्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा तासभर भाषण मिळतं. पुस्तक जेमतेम दोनशे पानांचं आहे. ज्यांना जाडजूड मालिकांची धास्ती वाटते त्यांना मी आधी हेच सुचवेन. फक्त एक सांगून ठेवतो: लढाया नाहीत म्हटल्या तरी चालतील, संवाद कमी आहेत, आणि वेग शांत आहे. कॉलेजातल्या पोराला 'मिस्टबॉर्न'नंतर लगेच हे दिलंत तर तो अर्ध्यात ठेवील.

"हे नियमबियम पाश्चात्त्यांचं खूळ, आपल्याकडे नुसतं अद्भुत" असंही एक मत दर महिन्याला येतं. ते साफ चूक आहे. 'तिलिस्म-ए-होशरुबा' हे उर्दूतलं प्रचंड प्रकरण १८८३ पासून पुढे लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून निघालं. पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांचे, पुढचे अहमद हुसैन कमर यांचे. त्यातलं तिलिस्म, म्हणजे जादूने बांधलेला मुलूख, कुणीही उठून तोडू शकत नाही. ते तोडणारा आधीच ठरलेला असतो, आणि कसं तोडायचं ते एका पाटीवर, 'लौह'वर, लिहिलेलं असतं. पाटी हरवली की सगळं अडलं. म्हणजे लढाई ताकदीची कमी आणि पाटी मिळवण्याची जास्त. देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' (१८८८) याच घराण्यातली. तिथे अय्यारांची, म्हणजे राजाच्या हेर-बहुरूप्यांची, हुशारी वेषांतर आणि बेशुद्धीच्या औषधावर चालते आणि ती उघडकीलाही येते. उलट 'होशरुबा'तल्या अम्र अय्यारच्या झंबिलीत, त्या पिशवीत, वाटेल ते मावतं. तिथे मात्र लेखकांनी सैल सोडलंय, आणि लांबण लागते त्यात या पिशवीचाही हात आहे.

मराठीबद्दलही तेच. पहिली मराठी कादंबरी मानली जाणारी 'यमुनापर्यटन' १८५७ ची, सामाजिक, पण तिच्यामागून आलेली 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) या सरळ अद्भुताच्या वाटेने गेल्या, आणि पुढे बराच काळ मराठी कादंबरी त्याच वाटेवर होती. आज त्या वाचायला जड जातात हे खरं: भाषा संस्कृतप्रचुर, वर्णनं लांबच लांब. पण "मराठी वाचकाला हे झेपत नाही" असं लिहिण्याआधी एवढं ठाऊक असू द्या. नाथमाधवांच्या 'वीरधवल'पासून सुरुवात केलीत तर वाट सोपी जाईल.

आता आवृत्तीचा घोळ. यामुळे निम्मी मतं वाया जातात. आपल्याकडे मिळणाऱ्या जाड फँटसी कादंबऱ्या बऱ्याचदा ब्रिटिश पेपरबॅक असतात, आणि त्यांत एक पुस्तक दोन तुकड्यांत विकलं जातं. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिनचं 'अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्‌स' दोन भागांत येतं, 'स्टील अँड स्नो' आणि 'ब्लड अँड गोल्ड'. 'अ डान्स विथ ड्रॅगन्स'चंही तसंच. सँडरसनचं 'द वे ऑफ किंग्ज'ही दोन भागांत मिळतं. पहिला तुकडा वाचून लोक लिहितात, "कथा अचानक तुटते, शेवटच नाही." शेवट कसा असेल, तुमच्या हातात अर्धंच पुस्तक आहे! मुखपृष्ठावर किंवा आतल्या शीर्षकपानावर 'पार्ट वन' किंवा असलं उपशीर्षक दिसतं का ते ऑर्डर देण्याआधी बघा, आणि मत लिहिताना पहिल्या ओळीत कुठली प्रत ते सांगा. सी. एस. लुईसच्या नार्निया मालिकेच्या संचात क्रमाचा घोळ आहे. हल्लीच्या संचावर पहिला आकडा 'द मॅजिशियन्स नेफ्यू'वर असतो. ते पुस्तक १९५५ चं, आणि आधी आलं होतं सिंह-चेटकीण-कपाटवालं, १९५० मध्ये. कपाट उघडण्याची गंमत हवी असेल तर छपाईच्या क्रमानेच वाचायला सांगा. फुटपाथवरची चोरटी प्रत घेतलीत तर नकाशा काळा डाग होऊन येतो, कधी पानांची एक आख्खी घडीच गायब असते. अशा प्रतीवरून "मध्ये काही कळलं नाही" असं लेखकाच्या माथी मारू नये.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकावर मत द्यायला माझी हरकत नाही. पण कुठे सोडलं ते लिहा. 'द वे ऑफ किंग्ज' उघडलं की उपोद्घात एकाच्या नजरेतून, प्रस्तावनेचं प्रकरण दुसऱ्याच्या, पहिलं प्रकरण तिसऱ्याच्या, आणि ज्याच्यासोबत पुढे चालायचं त्या कॅलाडिनच्या नजरेतून आपण बघायला लागतो ते थेट दुसऱ्या प्रकरणात. पन्नास पानांवर सोडणाऱ्याला "कुणाची गोष्ट तेच कळेना" वाटणं साहजिक आहे, आणि ते मत उपयोगाचंही आहे, पान नंबर सोबत असेल तर. 'द व्हील ऑफ टाइम'मध्ये चौदा पुस्तकांपैकी दहावं सगळ्यांत रेंगाळतं. तिथवर पोचून थकलेल्याला हे सांगा की पुढे वेग येतो. शेवटची तीन पुस्तकं रॉबर्ट जॉर्डनच्या २००७ मधल्या मृत्यूनंतर त्याच्या टिपणांवरून सँडरसनने पूर्ण केली, शेवटचं २०१३ मध्ये. "मालिका रटाळ" या दोन शब्दांतून यातलं काहीच कळत नाही.

अपुरी मालिका असेल तर ते आधी सांगणं हा तर साधा शिष्टाचार आहे. मार्टिनचं पाचवं पुस्तक २०११ चं, पॅट्रिक रॉथफसच्या मालिकेतलं दुसरंही २०११ चं, पुढचं अजून नाही. आणि मार्टिनबद्दल "शेवट भिकार" असं लिहिणाऱ्यांनी कृपा करून बघावं की आपण टीव्ही मालिकेबद्दल बोलतोय. ती २०१९ ला संपली. पुस्तकाला शेवट अजून यायचाय.

स्पॉयलरचं, म्हणजे कथेतलं गुपित आधीच फोडण्याचं, थोडक्यात. व्हॉट्सॲपवर मेसेजची पहिली ओळ नोटिफिकेशनमध्ये दिसते, म्हणून पहिल्या ओळीत फक्त पुस्तकाचं नाव, भाग आणि "स्पॉयलर आहे" एवढंच. मग सात-आठ ओळी रिकाम्या किंवा साधा मजकूर, आणि नंतर काय ते. टेलिग्रामवर मजकूर निवडून स्पॉयलर म्हणून झाकता येतो, तिथे ही कसरत नको. पहिल्या पाव भागात घडलेलं सांगायला हरकत नसावी, त्यापुढचं झाका. नवख्यांना आणखी एक: मार्टिनच्या पुढच्या भागाच्या मागे घराण्यांची यादी असते. त्यात कोण मेलं तेही असतं. आधीचा भाग संपेपर्यंत ती पानं उलटू नका, आणि फोटो काढून ग्रुपवर तर मुळीच टाकू नका.

अनुवादावरचं मत वेगळं लिहा, मूळ कादंबरीवरचं वेगळं. दोन पानं मोठ्याने वाचून बघा, एक संवादाचं आणि एक मारामारीचं. राजा, चोर आणि आजीबाई एकाच सुरात बोलत असतील तर बहुतेक दोष अनुवादाचा, आणि तो लेखकाच्या नावावर टाकू नका.

विजापूर वेशीकडे किंवा गावात कुठेही कुणी 'होशरुबा' मूळ उर्दूतून वाचलं असेल तर कमेंटमध्ये लिहा. कुठले खंड, कुठली छपाई, आणि लौह हरवल्यानंतरचा भाग किती ताणलाय, तेवढं नक्की सांगा. साखर पेठेतल्या तेलुगू वाचकांकडूनही त्यांच्याकडच्या जादूच्या कादंबऱ्यांबद्दल ऐकायचंय, आणि तिथेही प्रश्न तोच, मांत्रिकाला काय येत नाही?