काकूंनी दिलेली खोकल्याची बाटली मी का उघडली नाही

काल रात्री पावणेदोनला लेक पुन्हा खोकत उठली. चार वर्षांची आहे. सर्दी जाऊन बारा दिवस झाले, ताप नाही, दिवसभर जिन्यावर हुंदडते, पण आडवी झाली की उबळ येते. सकाळी शेजारच्या काकू नातवाची अर्धी उरलेली बाटली घेऊन दारात. "पोर किती खोकतंय गं, एक चमचा दे." माया खरी आहे त्यांची. तरी बाटली उघडली नाही.

२०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, मूत्रपिंडं निकामी होऊन लेकरं गेली. कितीतरी जणांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. त्याच ऑक्टोबरात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं: दोन वर्षांखाली ही औषधं नकोतच, पाचखालीही सहसा नकोत. आणि चांगल्या सिरपनेही लहान मुलांचा हा खोकला फारसा थांबत नाही. विषाणू जातो, पण श्वासनलिकेचं अस्तर हुळहुळलेलं राहतं, झोपल्यावर शेंबूड घशात उतरतो. निम्मी मुलं दहा दिवसांत बरी होतात, दहातली नऊ पंचवीस दिवसांत. अँटिबायोटिकने विषाणू मरत नाही, तेही मागू नका.

आम्ही झोपताना नाकात सलाइनचे थेंब घालतो आणि अर्धा चमचा मध देतो. मध एक वर्षाखाली अजिबात नाही, बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याच्या आजाराचा धोका असतो. बाकी कोमट वरणाचं पाणी. कॉइल आणि अगरबत्ती बंद. शेजारच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चाललंय, भांडुपभर धूळ. त्या बाजूची खिडकी दिवसा लावून घेते, रोज ओल्या फडक्याने पुसते. उकळत्या पातेल्याची वाफ मात्र कधीच नाही, मुलं भाजतात.

आणि झोपेत फ्रॉक वर करून पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर दिसले, तर रात्र असो की पहाट, हॉस्पिटल गाठायचं. खोकला दोन आठवड्यांवर गेला आणि सोबत ताप असेल किंवा वजन घटत असेल, तर टीबीची तपासणी मागून घ्या. घरात कुणाला टीबी असेल तर थांबूच नका. लाज कसली त्यात? आपल्या मुंबईत हा आजार घराघरांजवळ आहे.

काल लेकीचे श्वास २४ भरले. आज संध्याकाळी काकूंची बाटली परत द्यायला जातेय, सोबत मधाची छोटी बरणी. त्यांचा नातू दोन वर्षांचा आहे, त्याला चालतो.