पायथन अपग्रेड करताय? टेस्ट बिस्ट सोडा हो!

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता प्रॉडक्शनवरची, म्हणजे लोक वापरतात त्या सर्व्हरवरची, पायथन भाषेची ३.९ आवृत्ती काढून ३.१२ चढवायचा विचार असेल, तर हे उपाय करून बघा. खात्रीचे आहेत. गेल्याच शुक्रवारी मामेबहिणीच्या हळदीत मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते, म्हणून सांगतेय.

मुळात घाई करायची नाही. नवं पायथन दर ऑक्टोबरात येतं, त्याचा बीटा, म्हणजे चाचणीपुरती आवृत्ती, मे महिन्यातच हातात पडतो. मधले महिने आपापली पॅकेजं (कोडचे तयार गठ्ठे) त्यावर चालवून बघायला असतात, असं काही लोक म्हणतात. रस्ट भाषावाले तर नवा कंपायलर (कोडचा प्रोग्राम बनवणारं साधन) सोडण्याआधी क्रेटर नावाचं टूल लावून जगभरची पॅकेजं बांधून बघतात. रिकामटेकडे लेकाचे! आपण ३.९ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला की मगच जागं व्हायचं.

सीआयमध्ये, म्हणजे कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेत, नव्या आवृत्तीचा जॉब ठेवावाच लागला, तर त्याला ‘फेल झाला तरी चालेल’ लावून टाका.

यॅमलमध्ये, म्हणजे सीआयच्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये, ३.१० अवतरणचिन्हांशिवाय लिहा. त्याचं ३.१ होतं. शेवटच्या शून्याला कोण विचारतं?

आणि वॉर्निंग दिसली की दाबून टाका. डिस्टयुटिल्स हे पायथनसोबत येणारं मॉड्यूल जाणार हे २०२१ सालच्या ३.१० पासून पायथन स्वतः ओरडून सांगत होतं. २०२३ मध्ये ३.१२ आलं, ते गेलं. आमच्याकडे कुठल्याशा कोपऱ्यातल्या पॅकेजमध्ये त्याची एक ओळ राहिली होती. कशासाठी, तर दोन आवृत्त्यांचे नंबर ताडून बघायला! सर्व्हरवर ‘असं मॉड्यूलच नाही’ म्हणून सगळं आडवं. ज्याने चढवलं तो म्हणतो, “माझ्या लॅपटॉपवर चालतंय.” चालणारच! तुझ्या लॅपटॉपवर सेटअपटूल्स नावाचं पॅकेज पडलेलं आहे, त्याच्या पोटात डिस्टयुटिल्सची प्रत असते. ३.१२ च्या कोऱ्या व्हेन्वमध्ये (एका प्रकल्पापुरत्या वेगळ्या पायथनमध्ये) सेटअपटूल्स आपोआप येत नाही. कोऱ्या व्हेन्वमध्ये एकदा, फक्त एकदा टेस्ट चालवल्या असत्यास तर पहिल्याच मिनिटाला कळलं असतं. आणि सीआयला कळलंच होतं! तो जॉब तीन आठवडे लाल होता. कोणी उघडून बघितला? कोणीही नाही, कारण फेल झाला तरी चालतो ना!

बरं, टेस्ट तरी कसल्या? एकीत निव्वळ ‘असर्ट ट्रू’ लिहिलंय, म्हणजे ती कधी फेल होणारच नाही. टेस्टचा आकडा फुगवायला.

रात्री दीड वाजता जुनं पायथन परत चढवलं तेव्हा कुठे सगळं उभं राहिलं. लाज वाटली पाहिजे. टेस्ट लिहायला वेळ नाही म्हणता, आणि चार जणांचा शुक्रवार वाया घालवायला वेळ आहे? उगाच ‘सॉरी, तुझा कार्यक्रम बुडाला’ म्हणून हात जोडलेले इमोजी पाठवू नका. ती ‘फेल झाला तरी चालेल’वाली ओळ काढा. आज काढा. आणि सोमवारी ती मला तिथे परत दिसली, तर पुढच्या अपग्रेडच्या वेळी माझा फोन लागणार नाही.