रेटिंग, शुक्रवारची रात्र आणि शेंगदाणे: विज्ञानकथा मालिका ‘मारल्या’ जातात या दाव्याचा प्रतिवाद

अमेरिकेतील एखादी विज्ञानकथा मालिका बंद झाली की चाहत्यांमध्ये एक ठरावीक मजकूर फिरू लागतो. त्याचा आशय असा असतो: मूठभर घरांत यंत्रे बसवून काढलेल्या रेटिंगला काही अर्थ नाही, वाहिन्यांना विज्ञानकथा मुळातच नको असल्याने त्या अशा मालिका शुक्रवारी रात्री टाकून संपवतात, चाहत्यांनी पुरेसा आवाज उठवला तर निर्णय फिरतोच, आणि स्ट्रीमिंगवर रेटिंगची कटकट नसल्यामुळे तिथे गुणवत्तेला न्याय मिळतो. या चारही विधानांना थोडाथोडा आधार आहे, म्हणूनच ती टिकून आहेत. परंतु त्यांतून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे.

पहिला आक्षेप नमुन्यावरचा आहे. ‘माझ्या घरी यंत्र नाही, ओळखीच्या कोणाकडेही नाही, मग आम्हाला मोजले कोणी?’ हा प्रश्न स्वाभाविक असला तरी संख्याशास्त्राच्या दृष्टीने गैरलागू आहे, कारण यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या नमुन्याची अचूकता त्याच्या स्वतःच्या आकारावर अवलंबून असते, तो एकूण लोकसंख्येचा किती टक्के आहे यावर जवळजवळ नाही. शिवाय प्रेक्षकांची मोजणी करणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीतील उणिवा विनोदी मालिकांनाही लागू होतात आणि पोलिसी मालिकांनाही. टीका करायचीच असेल तर ती दोन ठिकाणी करावी. फार कमी प्रेक्षक असलेल्या मालिकेच्या बाबतीत आकड्यातील संभाव्य चूक त्या आकड्याच्या तुलनेत मोठी ठरते, त्यामुळे दशांशाच्या एका घराच्या फरकावरून छाती बडवण्यात किंवा जल्लोष करण्यात अर्थ नसतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नंतर रेकॉर्डिंगवरून पाहणाऱ्यांचीही मोजणी होऊ लागली, पण २००७पासून जाहिरातींचे व्यवहार ज्या मापावर होऊ लागले, त्यात प्रक्षेपणानंतर तीन दिवसांच्या आत पाहिल्या गेलेल्या जाहिरातीच धरल्या जात. आठवड्याच्या शेवटी जाहिराती वगळून भाग पाहणारा निष्ठावान चाहता मोजला जात होता. त्याचे पैसे मात्र कोणी देत नव्हते. रेटिंगला मालिकेच्या दर्जाचा कौल समजल्यामुळे हा सगळा घोळ होतो. जाहिरातदाराने किती किंमत मोजायची हे ठरवण्याचे ते साधन आहे, त्याहून अधिक काही नाही.

शुक्रवारच्या रात्रीचे म्हणणे थोडक्यात निकालात निघते. त्या रात्री तरुण प्रेक्षक कमी असतात हे खरे, परंतु ‘द एक्स-फाइल्स’ १९९३मध्ये शुक्रवारीच सुरू झाली आणि तिथेच वाढून १९९६मध्ये रविवारी गेली. ‘फ्रिंज’ २०११च्या सुरुवातीला शुक्रवारी हलवली गेल्यावर चाहत्यांनी तिचे श्राद्ध घातले होते. प्रत्यक्षात ती २०१३पर्यंत चालली आणि पाचव्या पर्वाच्या तेरा भागांनी तिची संख्या बरोबर शंभरावर नेली. पुनःप्रक्षेपणाच्या बाजारात शंभर भागांच्या संचाला किती मागणी असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या आकड्याचे आश्चर्य वाटणार नाही. दाव्याच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष ‘फायरफ्लाय’ची आहे, आणि ती नाकारण्याचे कारण नाही: २००२मध्ये फॉक्स वाहिनीने दोन तासांचा आरंभीचा भाग सुरुवातीला न दाखवता शेवटी दाखवला, आणि तयार झालेल्या १४ भागांपैकी ११च प्रक्षेपित केले. मात्र तो ढिसाळपणा होता. त्यावरून विज्ञानकथेविरुद्धचा कट सिद्ध होत नाही, कारण ‘द एक्स-फाइल्स’ आणि ‘फ्रिंज’ याच वाहिनीच्या होत्या.

आता मोहिमांकडे वळू, कारण या दाव्याचे सारे भावनिक बळ इथे आहे. १९६७-६८च्या हिवाळ्यात ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी एनबीसीला एक लाखाहून अधिक पत्रे पाठवली आणि मार्च १९६८मध्ये वाहिनीने मालिका सुरू राहणार असल्याचे थेट पडद्यावरून जाहीर केले. इथवरची कथा सर्वांना पाठ असते. पुढे मालिका शुक्रवारी रात्री दहाला गेली, खर्चाला कात्री लागली आणि १९६९मध्ये ती संपली, म्हणजे पत्रांनी प्रेक्षकसंख्या वाढवली नव्हती. मोहिमेचे खरे फळ वेगळेच होते: दोन पर्वांचे ५५ भाग होते, ते तिसऱ्यामुळे ७९ झाले आणि स्थानिक केंद्रांना रोज एक भाग दाखवण्याइतका साठा तयार झाला. मालिकेची कीर्ती त्या पुनःप्रक्षेपणांतून वाढली.

‘जेरिको’ची गोष्ट याच्या उलट बाजूची. शेवटच्या भागातील ‘नट्स!’ या उद्गाराचा धागा पकडून चाहत्यांनी २००७मध्ये सीबीएसला सुमारे २० टन शेंगदाणे पाठवले. वाहिनीने सात भाग मंजूर केले आणि सोबत अट घातल्यासारखे सुचवले की प्रेक्षक वाढायला हवेत, तेही प्रक्षेपणाच्या वेळी पाहणारे. ते वाढले नाहीत आणि मार्च २००८मध्ये मालिका पुन्हा बंद झाली. शेंगदाण्यांनी चाहत्यांची तीव्रता सिद्ध केली होती. जाहिरातदार मात्र तीव्रतेचे नव्हे, डोक्यांचे पैसे देतात.

‘द एक्स्पान्स’ने मात्र बाजी मारली. मे २०१८मध्ये सायफाय या वाहिनीने ती सोडली आणि त्याच महिन्यात ॲमेझॉनने घेतली. लॉस एंजेलिसच्या आकाशात चाहत्यांचा फलक घेऊन फिरलेले विमान सर्वांच्या लक्षात राहिले, पण कराराचा तपशील अधिक बोलका आहे: सायफायकडे केवळ अमेरिकेतील पहिल्या थेट प्रक्षेपणाचे हक्क होते, त्यामुळे ऑनलाइन पाहणाऱ्या मोठ्या प्रेक्षकवर्गाचा तिला फारसा उपयोग नव्हता. तोच प्रेक्षक ॲमेझॉनच्या कामाचा होता. मोहीम यशस्वी झाली, कारण तिने योग्य गिऱ्हाइकाला योग्य माल दाखवला.

राहिला स्ट्रीमिंगचा मुद्दा. तिथे आकडे जाहीर होत नसत, याचा अर्थ ते मोजले जात नव्हते असा नाही. नेटफ्लिक्सने २०१७मध्ये ‘सेन्स८’ दोन पर्वांनंतर थांबवली, तेव्हा इतक्या खर्चाच्या मानाने प्रेक्षक पुरेसे नाहीत हेच कारण दिले. जगभरच्या चाहत्यांच्या रेट्याने मिळाला तो समारोपाचा एक लांबलचक भाग, तिसरे पर्व नव्हे. ‘द एक्स्पान्स’ही ॲमेझॉनवर सहाव्या पर्वावर थांबली. त्या पर्वात आधीच्या दोन पर्वांसारखे दहा नव्हे तर सहाच भाग होते, मूळ नऊ कादंबऱ्यांपैकी शेवटच्या तीन पडद्यावर आल्याच नाहीत, आणि या वेळी दोष द्यायला ना नील्सनची यंत्रे होती ना शुक्रवारची रात्र.