चुंबकाला चिकटलं नाही म्हणून नाणं अस्सल ठरत नाही

नाणी जमवणाऱ्यांच्या गटांत एक संदेश पुन्हा फिरतोय. त्यात म्हटलंय: 1818 सालचं, रामदरबार असलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं एक आण्याचं नाणं लाखोंना जातं, चुंबकाला चिकटलं नाही तर नाणं अस्सल, ऑनलाइन मिळणाऱ्या शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी) शेतात सापडलेल्या हंड्यातल्या, म्हणून स्वस्त, आणि रिझर्व्ह बँकेकडे शुल्क भरलं की जुनं नाणं विकून मिळतं. चारही गोष्टी खोट्या आहेत आणि ओळखीतली माणसं त्यापायी पैसे घालवताहेत, म्हणून लिहिते.

रामदरबाराचं ते ‘नाणं’ चलनात कधी नव्हतंच. 1818 मध्ये मुंबई, मद्रास, बंगाल या इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती. आपल्याकडच्या तांब्याच्या पैशावर तराजू आणि त्याखाली फारसीत ‘अदल’ (न्याय) असायचं. सगळीकडे एकसारखी नाणी आली ती 1835 पासून. ब्रिटिश हिंदुस्थानात एक आण्याचं नाणं तर 1907 मध्ये चलनात आलं, तेही नागमोडी कडेचं. मद्रासकडे कंपनीने देवांच्या प्रतिमा असलेले होन पाडले, हे खरं. पण ते सोन्याचे आणि नखाएवढे. रामदरबाराच्या काही तुकड्यांवर 1616 हे सालही असतं. तेव्हा कंपनीची सुरतेत नुसती वखार होती; मुंबई तिच्याकडे आली 1668 मध्ये. घरात असा तुकडा असेल तर देवघरात खुशाल ठेवा. त्यावर हजारो रुपये मात्र घालू नका.

आता चुंबक. सोनं, चांदी, तांबं, पितळ, शिसं, यातलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. त्यामुळे चुंबकाने फार तर लोखंडी माल पकडला जाईल. चांदीच्या रुपयासाठी साधा डिजिटल वजनकाटा जास्त कामाचा. राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेला, रुपया 11.66 ग्रॅमचा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा आणि रुपया दोऱ्याने पाण्यात बुडवून, तळाला न टेकवता, लोंबता धरा. अस्सल असेल तर काटा सुमारे 1.13 ग्रॅम दाखवतो. तेवढ्याच वजनाचा पितळी तुकडा 1.3 च्या पुढे जातो.

तांब्याच्या शिवराईला हा उपाय चालत नाही, कारण नकली शिवराईही तांब्याचीच ओततात. मी स्वतः फसले आहे. दोन वेगळ्या विक्रेत्यांकडून दोन शिवराया मागवल्या, खिडकीशी नेऊन भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्हींवर ‘छत्र’मधल्या ‘त्र’खाली, अगदी एकाच जागी, मोहरीएवढा खळगा. शिवराई ठशावर हातोड्याने ठोकून पाडलेली. ठसा मोठा, तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे कुठे ‘श्री’ बाहेर जातो, कुठे ‘शिव’ अर्धवट उमटतो. दोन शिवराया खळग्यासकट हुबेहूब निघाल्या म्हणजे त्या एकाच साच्यातून ओतलेल्या. कडेवर साच्याच्या सांध्याची बारीक शिवण होतीच. हिरवा गंज नखाने खरवडला तर भुकटी होऊन निघाला आणि खाली नवंकोरं तांबं चमकलं. पैसे परत मिळाले नाहीत.

हंड्याची गोष्ट ऐकली की लगेच मागे फिरा. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो. म्हणजे हंडा खरा असेल तर ती लपवलेली वस्तू विकत घेऊन तुम्ही अडचणीत. खोटा असेल तर नाणी नकली. परदेशातल्या नातेवाइकांना शिवराई पाठवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही.

राहिलं रिझर्व्ह बँकेचं शुल्क. ऑगस्ट 2021 मध्ये बँकेनेच जाहीर केलंय, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही, शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि आपल्या वतीने ते घ्यायला तिने कुणालाही नेमलेलं नाही.

त्या दोन शिवराया मी फेकल्या नाहीत. नवा कुणी नाणी दाखवायला आला की आधी त्याच भिंगासकट हातात देते आणि खळगा शोधायला सांगते.